टोमॅटोवरच्या टुटाचं बारसं करणारे मेरिक मास्तर

टोमॅटो लावणाऱ्या शेतकऱ्याला टुटा म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. पानावर आधी पांढुरका चट्टा पडतो, मग पान करपल्यासारखं होतं आणि शेवटी फळाला देठाजवळ टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसतं. बाजारात क्रेट उघडला की व्यापाऱ्याची नजर नेमकी त्या भोकावर जाते आणि भाव तिथेच पडतो.

ही कीड आपल्या देशात पहिल्यांदा दिसली ती २०१४ च्या ऑक्टोबरात, पुणे भागातल्या टोमॅटोवर. मात्र तिचं शास्त्रीय नाव त्याआधी ९७ वर्षांपासून कागदावर तयार होतं. नाव देणारा माणूस शेतकरी नव्हता आणि शेती खात्यातला साहेबही नव्हता. इंग्लंडमधल्या एका शाळेत लॅटिन आणि ग्रीक शिकवून निवृत्त झालेले ते एक मास्तर होते. त्यांचे नाव एडवर्ड मेरिक.

आपल्याकडे हे नाव फारसं कुणी ऐकलेलं नसेल. पण जगात पतंगांचा, म्हणजे आपण ज्यांना पाकोळ्या म्हणतो त्यांचा अभ्यास करणारा कुणीही माणूस मेरिक यांच्या नावाला अडखळल्याशिवाय पुढे जाऊ शकत नाही. या एका माणसाने आयुष्यात १४ हजारांहून जास्त जातींच्या पतंगांना नावे दिली. साठेक वर्षांचं काम धरलं तरी वर्षाला सरासरी दोनशेच्या वर बारशी झाली. आणि यातली बरीच वर्षं मास्तर दिवसा शाळा करत होते.

मेरिक यांचा जन्म २५ नोव्हेंबर १८५४ रोजी इंग्लंडमधल्या विल्टशायर परगण्यात, रॅम्सबरी गावी झाला. वडील चर्चमध्ये धर्मगुरू. गावापासून जवळच मार्लबरो हे शहर आहे. तिथल्या मार्लबरो कॉलेज या नावाच्या शाळेत ते शिकले. नावात कॉलेज असलं तरी ती मुलांची निवासी शाळाच. तिथून केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेले. विषय घेतले लॅटिन आणि ग्रीक. म्हणजे आपल्याकडे एखाद्याने संस्कृत घेऊन पदवी करावी तसं. किडे हा त्यांच्या शिक्षणाचा विषय कधीच नव्हता. तो नाद होता, लहानपणापासून लागलेला. विद्यार्थी असतानाच कीटकांविषयीच्या मासिकात त्यांची टिपणे छापून यायला लागली होती.

१८७७ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षाच्या आसपास, ते बोटीने ऑस्ट्रेलियाला गेले. पोटापाण्याला मास्तरकी. सिडनी आणि जवळच्या पॅरामॅटा इथे त्यांनी शिकवले, पुढे न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्च शहरातही शिकवले. हा दहा वर्षांचा काळ त्यांच्या आयुष्यातला कलाटणीचा म्हणावा लागेल. कारण इंग्लंडमध्ये पतंग गोळा करणाऱ्यांची तेव्हा रीघ होती. तिथे नवीन जात सापडणं म्हणजे मळणी झालेल्या खळ्यात दाणे वेचण्यासारखं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडात उलट परिस्थिती. दिव्यावर आलेल्या दहा बारक्या पाकोळ्यांपैकी बहुतेकींना नावच नव्हतं. मेरिक यांनी त्या धरल्या, तपासल्या, त्यांची वर्णनं लिहिली आणि छापत राहिले.

इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. फुलपाखरं आणि मोठे पतंग गोळा करायला हौशी माणसं खूप असतात, कारण रंग डोळ्यांत भरतात. मेरिक यांनी निवडले ते सूक्ष्म पतंग. पंख पसरून मोजले तरी सेंटीमीटर, दीड सेंटीमीटर. बोट लागलं की पंखावरची पावडर निघून जाते आणि मग ओळखायला काही उरत नाही. रंग करडा, तपकिरी, मातकट. कुणी यांच्या वाटेला जात नसे. आणि शेतकऱ्याचं खरं नुकसान करणारे पुष्कळसे पतंग नेमके याच बारक्यांत मोडतात. कपाशीची गुलाबी बोंडअळी, साठवलेल्या बटाट्यातली पाकोळी आणि टोमॅटोवरचा टुटा या तिन्ही एकाच कुळातल्या. गुलाबी बोंडअळीला नाव मिळालं ते १८४३ साली, गुजरातमधल्या भडोचच्या कपाशीवर सापडलेल्या नमुन्यांवरून. ते मात्र मेरिक यांचे काम नव्हे, त्यांचा तर तेव्हा जन्मही झाला नव्हता.

१८८७ च्या सुमारास मेरिक इंग्लंडला परतले आणि ज्या शाळेत शिकले त्याच मार्लबरो कॉलेजात मास्तर झाले. तिथे ते १९१४ पर्यंत होते. मुलांना लॅटिन आणि ग्रीक शिकवायचं, आणि शाळा सुटली की पेट्या उघडायच्या.

या पेट्या जगभरातून यायच्या. आफ्रिकेतला कुणी अधिकारी, दक्षिण अमेरिकेत फिरणारा कुणी संग्राहक, सिलोनच्या मळ्यावरचा कुणी साहेब, अशी माणसं रात्री दिव्यावर आलेल्या पाकोळ्या पकडून, बारीक टाचणीला लावून, पेटीत घालून पाठवत. मेरिक ती पेटी उघडून एकेक पतंग भिंगाखाली धरत. डोक्यावरचे खवले कसे आहेत, तोंडापुढच्या मिशीसारख्या अवयवांची ठेवण कशी, शिंगांची लांबी किती, पुढच्या पंखावर ठिपके कुठे, मागच्या पंखाची झालर किती रुंद, हे सगळं पाहायचं. सर्वात जास्त भर पंखातल्या शिरांवर. पानाच्या शिरा पाहून झाड ओळखावं तसे ते पंखाच्या शिरा पाहून पतंगाचं कूळ ठरवत. याच पायावर त्यांनी पतंगांची नवी वर्गवारी मांडली आणि १८९५ साली ब्रिटनमधल्या पतंगांवर जाडजूड ग्रंथ काढला.

एखादा पतंग आधी नाव दिलेल्या कुठल्याच जातीशी जुळत नाही अशी खात्री झाली की मग नाव. आठ-दहा ओळींचं वर्णन, पंखांचं माप, गाव, संग्राहकाचं नाव. संपलं. ज्या पतंगावरून वर्णन लिहिलं तो पतंग कायमचा जपून ठेवायचा, कारण पुढे कधी वाद झाला तर मूळ सातबारा म्हणून तोच काढावा लागतो. जमिनीच्या बांधावरून भांडण झालं की जुना नकाशा काढतात, तसंच.

नावं पाडायला भाषेचा मास्तर असणं कामाला आलं. चौदा हजार वेगवेगळी नावं शोधायची म्हणजे खेळ नाही. लॅटिन आणि ग्रीकचा कोश डोक्यातच असल्यामुळे ते जमलं असणार. १९०४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सभासद करून घेतले. शास्त्राची पदवी नसलेल्या शाळामास्तराला मिळालेला हा फार मोठा मान होता.

हिंदुस्थानाशी मेरिक यांचा संबंध जुना आणि घट्ट आहे. १९०५ पासून त्यांनी भारतातल्या सूक्ष्म पतंगांची वर्णने लेखमालेसारखी छापायला सुरुवात केली. आणि ती छापून आली कुठे, तर मुंबईत, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात. कारवारच्या जंगलातून पकडलेल्या पाकोळ्या त्यांच्याकडे जात. बिहारमधल्या पुसा इथे तेव्हा सरकारी शेती संशोधन संस्था होती, जी १९३४ च्या भूकंपानंतर दिल्लीला हलवली. तिथले मुख्य कीटकतज्ज्ञ थॉमस बेनब्रिग फ्लेचर हे पिकांवर सापडलेल्या अळ्या वाढवून त्यांचे पतंग तयार करत आणि मेरिक यांच्याकडे नावासाठी पाठवत. कोकणात काजूच्या कोवळ्या पानात शिरून पान पोखरणारी जी अळी आहे, तिच्या पतंगालाही मेरिक यांनीच नाव दिलेलं आहे.

नारळाचं उदाहरण तर ऐकण्यासारखं आहे. झावळीच्या खालच्या बाजूला जाळी करून हिरवा भाग खरवडून खाणारी काळ्या डोक्याची अळी नारळ बागायतदारांना माहीत आहे. तिच्या पतंगाचं नाव मेरिक यांनी १९०५ साली ठेवलं, नेफान्टिस सेरिनोपा. पुढे पाऊणशे वर्षं शेतीच्या पुस्तकांत हेच नाव चाललं, विद्यार्थी तेच पाठ करून पास झाले. नंतर जुन्या पेट्या पडताळताना लक्षात आलं की हाच पतंग वॉकर नावाच्या इंग्रज अभ्यासकाने १८६४ सालीच वर्णन करून ठेवलेला होता, ओपिसिना अरेनोसेला या नावाने. नियम असा की जे नाव आधी छापलं ते खरं. मेरिक यांचं नाव रद्द झालं. गंमत अशी की या अळीवर जगणारी जी मित्रकीड बागेत सोडतात, गोनिओझस नेफान्टिडिस, तिच्या नावात मेरिक यांचं रद्द झालेलं नाव अजून तसंच आहे. फेरफार मालकाचा झाला, वहिवाटदाराचा राहून गेला.

१९१४ साली मेरिक निवृत्त झाले. त्याच साली युरोपात पहिलं महायुद्ध पेटलं. मार्लबरोमधून शिकून बाहेर पडलेली शेकडो पोरं त्या युद्धात मारली गेली. त्यांतल्या कितीतरी जणांना मेरिक यांच्या काळातच त्या शाळेत लॅटिन शिकवलं गेलं होतं. समुद्रात बोटी बुडत होत्या, टपाल अडत होतं. त्या दिवसांतही मास्तरांचं काम थांबलं नाही. १९१२ पासून ते स्वतःच्या खर्चाने एक प्रकाशन काढत होते, परदेशी सूक्ष्म पतंगांची नुसती वर्णनं असलेलं. ते थोडंथोडकं नाही, १९३७ पर्यंत चाललं. एखादा माणूस पंचवीस वर्षं पदरमोड करून ज्यात जाहिरात नाही, चित्र नाही, गोष्ट नाही असं छापत राहतो, याला नाद म्हणावं की वेड, हे ज्याचं त्याने ठरवावं.

आणि १९१७ साली, युद्ध ऐन भरात असताना, लंडनच्या कीटकशास्त्रीय सोसायटीच्या अंकात त्यांचा दक्षिण अमेरिकेतल्या सूक्ष्म पतंगांवरचा लेख आला. त्यात पेरू देशातल्या हुआंकायो या ठिकाणाहून आलेला एक करडा पतंग होता. हुआंकायो अँडीज पर्वतात आहे, समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरहून उंच, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या जवळपास दुप्पट. मेरिक यांनी त्या पतंगाचं नाव ठेवलं फ्थोरिमिया अब्सोल्युटा. अब्सोल्युटा या लॅटिन शब्दाचा अर्थ पूर्ण, पुरा झालेला. बाकीच्या शेकडो पतंगांसारखाच हाही एक. त्याला वेगळं महत्त्व द्यावं असं त्यात तेव्हा काहीच नव्हतं. मास्तरांनी पान उलटलं आणि पुढचा पतंग घेतला.

पुढची चाळीसेक वर्षं हे नाव पुस्तकात पडून होतं. १९६० च्या दशकात दक्षिण अमेरिकेत टोमॅटोची पिकं झोपायला लागली आणि तपास केल्यावर गुन्हेगार म्हणून हा हुआंकायोचा करडा पतंग हाती लागला. मादी आयुष्यात अडीचशेपर्यंत अंडी घालते. अळी पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये शिरून मधला गर खाते, त्यामुळे वरून फवारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. आवर घातला नाही तर ८० ते १०० टक्क्यांपर्यंत पीक जाऊ शकतं. २००६ साली ती स्पेनमध्ये उतरली, तिथून भूमध्य समुद्राच्या काठाने, आफ्रिकेत, आखाती देशांत पसरली आणि २०१४ ला महाराष्ट्रात पोचली.

नावाचं मोल कळतं ते अशा वेळी. आपल्या टोमॅटोवर नागअळी जुनीच. ती माशीची अळी, पानात नागमोडी बारीक रेघ काढते. टुटाचा चट्टा पसरट असतो. पण सुरुवातीला दोन्हीत फरक करणं अवघड जातं, आणि फळ पोखरणारी हिरवी अळी वेगळीच. किडीची ओळखच चुकली तर फवारणीचा पैसा पाण्यात. टुटाचे कामगंध सापळे लावायचे तर त्यात टुटाचंच ल्यूर लागतं, हिरव्या अळीच्या पतंगाचं ल्यूर लावून टुटाचा नर येत नाही. हे ल्यूर बनवायला लागणारा गंध १९९० च्या दशकात परदेशात शोधून झाला होता. कोणती कीड आहे ते एकदा ठरलं की जगात तिच्याविषयी जे काही माहीत आहे ते सगळं त्या एका नावाखाली सापडतं. नाव ठरलं नाही तर सगळं पहिल्यापासून.

मेरिक यांच्या कामात खोट नव्हती असं मात्र नाही. उलट मोठी खोट होती आणि ती त्यांच्या हट्टातून आली. त्यांच्या उमेदीच्या काळातच दुसरे अभ्यासक पतंगाचं पोट उघडून नर-मादीच्या जननेंद्रियांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला लागले होते. वरून एकसारख्या दिसणाऱ्या दोन जाती आतून कुलूप आणि किल्लीसारख्या वेगळ्या असतात, हे त्यातून कळत होतं. मेरिक यांनी ही पद्धत शेवटपर्यंत मानली नाही. भिंग, पंख आणि शिरा, एवढ्यावरच त्यांचा भरवसा. वर्णनाबरोबर चित्र द्यायचीही त्यांना सवय नव्हती. त्यामुळे त्यांच्या आठ-दहा ओळी वाचून हातातला पतंग तोच आहे का, हे सांगणं दुसऱ्याला कठीण जाई. काही ठिकाणी दोन जाती एका नावाखाली गेल्या, काही ठिकाणी एकाच जातीला दोन नावं पडली. आज टुटा आणि बटाट्याची पाकोळी यांतला फरक नक्की करायचा तर नराची जननेंद्रियं किंवा डीएनए पाहावा लागतो. म्हणजे मास्तरांनी नाकारलेली वाटच शेवटी उपयोगाला आली.

३१ मार्च १९३८ रोजी मार्लबरोमध्ये मेरिक यांचे निधन झाले. वय ८३. आदल्या वर्षापर्यंत त्यांचे छापणे सुरू होते. त्यांच्या घरात जमलेला संग्रह लाखाच्या घरात होता. तो लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये गेला. हा संग्रह एका जागी जपला गेला म्हणूनच पुढची दुरुस्ती शक्य झाली, नाहीतर त्या आठ-दहा ओळींचा उपयोग अर्धाच राहिला असता.

दुरुस्तीचं काम अंगावर घेतलं ते एका अमेरिकन माणसाने. जे. एफ. गेट्स क्लार्क हे त्यांचे नाव, वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतले. त्यांनी लंडनला जाऊन मेरिक यांचे मूळ नमुने एकेक करून तपासले, जननेंद्रियं काढून काचपट्टीवर घेतली, फोटो छापले. १९५५ ते १९७० या काळात याचे आठ खंड निघाले. एकाने आयुष्यभर नावं ठेवली आणि दुसऱ्याचं निम्मं आयुष्य ती नावं कुणाची हे लावण्यात गेलं. खरं तर क्लार्क यांच्यावरही कुणीतरी लिहायला हवं.

अब्सोल्युटाचा प्रवास मात्र इथे संपला नाही. कोणत्या गोतावळ्यात तिला बसवायचं यावर तज्ज्ञांचं एकमत होईना. नावाचा दुसरा भाग तोच राहिला, पहिला मात्र चार वेळा बदलला. १९९४ साली पोव्होल्नी नावाच्या अभ्यासकाने तिला टुटा या गटात घातलं आणि टुटा अब्सोल्युटा हे नाव जगभर झालं. आपल्याकडे ती आली तेव्हा हेच नाव घेऊन आली, म्हणून कृषी सेवा केंद्रापासून वावरापर्यंत सगळ्यांच्या तोंडी टुटा बसलं.

अशा बदलाचा नियम असा आहे की जात मूळ गटातून दुसऱ्या गटात हलवली की नाव देणाऱ्याचं नाव कंसात लिहायचं. त्यामुळे क्लार्क यांच्या काळापासून या किडीच्या पुढे मेरिक हे नाव कंसात छापलं जात होतं. २०२१ साली पुन्हा तपासणी झाली आणि दोन संशोधकांनी दाखवून दिलं की ही जात बटाट्याच्या पाकोळीच्याच गटातली, म्हणजे १९१७ ला मास्तरांनी जिथे बसवली होती तिथलीच. फक्त भिंगावर भरवसा ठेवणाऱ्या माणसाचा हा निवाडा १०४ वर्षांनी बरोबर निघाला. आता शास्त्रीय लेखांत ती पुन्हा फ्थोरिमिया अब्सोल्युटा आहे. कंस निघाला. औषधाच्या दुकानात आणि सापळ्याच्या पाकिटावर अजून टुटाच लिहिलेलं असतं, आणि हुआंकायोहून आलेला तो मूळ नमुना लंडनच्या म्युझियममध्ये टाचणीवर आहे.